चौदा ऑक्टोबर आणि हिवाळी परीक्षा: एका ग्रामीण विद्यापीठातल्या संगणक बदलाचं प्रकरण

विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मोफत मिळणार नाहीत, हे मायक्रोसॉफ्टनं फार आधी सांगून ठेवलं होतं. ही तारीख विद्यापीठाच्या वर्षाच्या वेळापत्रकात ठेवून पाहिली तर मात्र तिच्याइतकी अडचणीची दुसरी सापडली नसती. ऑक्टोबरात हिवाळी परीक्षांची धावपळ असते. लक्ष्मीपूजन २१ तारखेला, म्हणजे मुदत संपल्यावर आठवड्यानं. सुट्टीत निम्मे कर्मचारी गावी जाणार. आणि पैसा? तो मार्चमध्ये अधिसभेनं मंजूर केलेल्या अर्थसंकल्पात असेल तर आहे, नसेल तर पुढच्या मार्चची वाट पाहायची.

हे प्रकरण वऱ्हाडातल्या एका विद्यापीठाचं आहे. नाव आणि जिल्हा मुद्दाम लिहीत नाही. गावाबाहेर काळ्या मातीवर पसरलेला परिसर, दूरच्या तालुक्यांत उपकेंद्रं, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जाणारं ऊन आणि जूनच्या पहिल्या वादळात उडणारे स्वीच एवढं सांगितलं की विदर्भातल्या वाचकाला चित्र कळेल. संगणक केंद्राच्या बाजूनं मी या कामात होतो. इतर विद्यापीठांत अजून हीच गाठ सुटायची आहे, म्हणून तपशिलात लिहितो आहे.

या कामासाठीच्या समितीच्या पहिल्याच बैठकीत प्रश्न आला तो अपेक्षितच होता: "एकूण मशीन किती बदलायच्या?" उत्तरासाठी सगळे डेड स्टॉक रजिस्टरकडे, म्हणजे कायम टिकणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीकडे वळले. हजाराच्या वर नोंदी होत्या. त्यातली काही यंत्रं कोपऱ्यात धूळ खात पडलेली, काहींचे मॉनिटर एका विभागात तर डबे दुसऱ्या विभागात, आणि काही प्रत्यक्षात चालू असलेली यंत्रं रजिस्टरमध्येच नाहीत, कारण ती एखाद्या संशोधन प्रकल्पाच्या निधीतून आलेली. रजिस्टरमध्ये खरेदीची तारीख असते, किंमत असते, 'डेस्कटॉप संगणक, १ नग' असं लिहिलेलं असतं. आत कोणता प्रोसेसर आहे ते नसतं. आणि अपडेट मिळत राहण्यासाठी ज्या विंडोज ११ वर जायचं, तिचा सगळा खेळ तिथेच आहे.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते. या अटी जुन्या यंत्रांनाही जमतात. अडतं ते तीन ठिकाणी. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम, जुन्या पद्धतीचा नसून यूईएफआय या नव्या पद्धतीचा आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालवू शकणारा हवा, आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. मॉडेल क्रमांकावरून पिढी ओळखता येते: आय३-७१०० म्हणजे सातवी, आय३-८१०० म्हणजे आठवी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. डेस्कटॉपसाठीची आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या अखेरीस. म्हणून समितीतल्या एका सदस्यानं सुचवलं की २०१८ नंतर घेतलेलं सगळं चालेल असं धरू. ते धरलं असतं तर फसगत झाली असती. सरकारी खरेदीत निविदेतला तपशील लिहिला जातो आधी, मंजुरी मिळते नंतर, माल येतो त्याहून नंतर. २०१९ च्या बिलाचे डबे उघडले तर आत सहावी आणि सातवी पिढी निघाली.

त्यामुळे मोजणी नव्यानं करावी लागली. यादी बनवणारी चांगली मोफत सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांना सगळी यंत्रं एका नेटवर्कवर लागतात. आमच्याकडे निम्म्या उपकेंद्रांत नेटवर्क म्हणजे एक राऊटर आणि त्याला मोबाइलचा हॉटस्पॉट. मग एक छोटी बॅच फाइल लिहिली. पेन ड्राइव्ह लावायचा, फाइल चालवायची. यंत्राचं नाव, प्रोसेसर, रॅम, डिस्क, टीपीएमची स्थिती आणि बायोसची पद्धत एका ओळीत लिहिली जाते. संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम आनंदानं केलं. कार्यालयांत पंखा कुठे चालतो आणि चहा कधी येतो हे त्यांना आमच्याआधी कळलं.

या मोजणीतून एक सुखद गोष्ट निघाली. 'टीपीएम नाही' असं दाखवणाऱ्या बऱ्याच यंत्रांत टीपीएम होतं, फक्त बायोसमध्ये बंद होतं. इंटेलमध्ये ते पीटीटी या नावानं सापडतं, एएमडीमध्ये एफटीपीएम नावानं. चालू केलं की काम झालं. यंत्रांच्या डिस्कची मांडणी जुन्या, एमबीआर पद्धतीची असली तरी विंडोज १० मधल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनानं माहिती न पुसता ती यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी पद्धतीत बदलता येते, आधी बॅकअप घेतलेला असला म्हणजे झालं.

पण इथेच एक खास आपल्याकडची अडचण आली, जी कुठल्या मार्गदर्शक पुस्तिकेत वाचायला मिळाली नाही. वीज कडाडायला लागली की मेन स्वीच बंद करायची इथे सगळ्यांना सवय आहे, आणि ती बरोबरही आहे. मात्र सात-आठ वर्षं जुन्या यंत्रातला बायोसचा बटणाएवढा सेल, सीआर २०३२, मेलेला असतो. मेन बंद झाला की बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या मूळ मांडणीवर जातो. पीटीटी पुन्हा बंद, बूटची पद्धत पुन्हा जुनी, तारीख दहा वर्षं मागे. सकाळी बाबू येतात आणि पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश. किंवा विंडोज सुरू होतं, पण तारीख चुकीची असल्यानं एकही सरकारी संकेतस्थळ उघडत नाही. चाचणीसाठी निवडलेल्या पहिल्याच खोलीत हे घडलं, हे नशीब. तेव्हापासून नियम ठरला: ज्या यंत्राला हात लावायचा त्याचा सेल आधी बदलायचा. या सगळ्या योजनेत सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी खरेदी कुठली, असं विचाराल तर मी हा सेल सांगेन.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. यंत्रं मोजून झाली, पिढ्या कळल्या, तक्ता तयार झाला. त्या तक्त्यावरून सरळ खरेदी आदेश काढला असता तर विद्यापीठ नोव्हेंबरात ठप्प झालं असतं. कारण कोणतं यंत्र बदलायचं हे त्याच्या वयावर ठरत नाही, त्याच्यावर कोणतं काम बसलं आहे यावर ठरतं. तक्त्यात आम्ही आणखी एक रकाना घातला: 'हे यंत्र उद्या बंद पडलं तर कोणतं काम थांबेल?' तो भरायला बाकी सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त वेळ लागला. विभागप्रमुखांना विचारून उपयोग नसतो. त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं.

परीक्षा विभागातलं सगळ्यात जुनं यंत्र घ्या. रजिस्टरप्रमाणे ते कधीच निर्लेखित, म्हणजे नोंदीतून बाद, व्हायला हवं होतं. त्यावर ३२ बिटचं विंडोज आणि त्यात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनात लिहिलेला, डॉसवर (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर) चालणारा १६ बिटचा प्रोग्रॅम. नव्वदच्या दशकापासूनच्या काही वर्षांचे निकाल त्यात आहेत. चालू निकालांशी त्याचा संबंध नाही. पण एखाद्याला तीस वर्षांनी दुय्यम गुणपत्रिका लागते, परदेशात नोकरीसाठी पडताळणी लागते, कोर्टात साक्षीला कागद लागतो. हे यंत्र महिन्यातून दोन-तीनदाच चालू होतं, आणि त्या दिवशी ते फार महत्त्वाचं असतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत. हार्डवेअर कितीही नवं आणा, तो प्रोग्रॅम उघडणार नाही.

इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले गेले होते, ते आधी सोडवले. माहिती फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींमध्ये होती, आणि त्या फाइली मोफत लिब्रेऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये उघडतात. म्हणजे माहिती अडकलेली नव्हती, अडकला होता छपाईचा साचा. सगळ्या फाइलींच्या प्रती काढल्या, प्रत्येक वर्षातले काही आसन क्रमांक निवडून छापील टॅब्युलेशन रजिस्टरशी पडताळले, आणि पडताळणीवर परीक्षा विभागाच्या संचालकांची सही घेतली. जुना प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या यंत्रात डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवून पाहिला. चालला, पण छपाई अडली. तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला समांतर पोर्टवरून आज्ञा देतो आणि नव्या यंत्रांना ते पोर्टच नसतं. यूएसबीची जोडवायर विंडोजमधून चालते, डॉसच्या प्रोग्रॅमला ती दिसत नाही. शेवटी डॉसबॉक्समधून मजकूर फाइलीत काढून साध्या लेझर प्रिंटरवर छापायचं ठरलं. विद्यापीठाच्या वकिलांनी विचारलं, स्वरूप बदललं तर चालेल का? चालतं, असं त्यांनीच नंतर लेखी दिलं, कारण दाखला सहीशिक्क्यानं प्रमाण होतो, प्रिंटरच्या टाचण्यांनी नाही.

मराठीचा प्रश्न याहून मोठा निघाला, आणि तो कुणाच्याच यादीत नव्हता. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणारी अक्षरांची एकसमान संकेतपद्धत, वापरायचं हे शासनानं वारंवार सांगितलेलं आहे. तरी आस्थापना विभागाच्या संगणकात वीस वर्षांची टिपणं, सेवापुस्तकांचे मसुदे, ठरावांची इतिवृत्तं कृतिदेव, शिवाजी आणि डीव्हीबी घराण्यातल्या फॉन्टमध्ये पडून आहेत. हे फॉन्ट विंडोज ११ मध्ये टाकले तर चालतात. चालत नव्हतं ते टंकलेखनाचं जुनं सॉफ्टवेअर. त्याला परवान्याची खूण म्हणून यूएसबीचा डोंगल लागायचा आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा होता. नवं विंडोज तो घेत नाही.

आस्थापनेचे बडे बाबू या सगळ्यावर एकच वाक्य बोलले: "सर, डब्बा कोणताबी आना, माह्या बोटायची सवय तेवढी मोडू नोका." त्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं होतं. त्यांनी टंकलेखनाची परीक्षा खडखड वाजणाऱ्या रेमिंग्टन यंत्रावर दिली आहे. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आहे, २०१९ पासून ध्वन्यात्मक कळफलकही आला, पण रेमिंग्टनची मांडणी मुळात नाही; ती वेगळी बसवावी लागते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या माणसाला इनस्क्रिप्ट शिकवायचं म्हणजे त्याचा वेग चौथाई करायचा. आम्ही युनिकोडमध्ये टंकणारी रेमिंग्टन मांडणी शोधून प्रत्येक जुन्या टंकलेखकाच्या यंत्रावर बसवली. नव्यानं लागलेल्यांसाठी इनस्क्रिप्ट सक्तीचं केलं. समितीतल्या काहींना हे दुटप्पी वाटलं. मला अजूनही ते बरोबर वाटतं.

या बाबतीत एक बारीक गोष्ट माहीत नसली की गोंधळ होतो. विंडोज १० पासूनच मंगल हा फॉन्ट मूळ बसवणीत येत नाही. देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या संचात, अपराजिता, कोकिळा, उत्साह यांच्याबरोबर येतो. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की तो संच इंटरनेटवरून उतरतो. मूळ बसवणीत देवनागरीसाठी निर्मला यूआय असतो. त्यामुळे इंटरनेट नसलेल्या उपकेंद्रात नवं यंत्र लावलं आणि जुनं परिपत्रक उघडलं की ओळी सरकतात, तक्ते फुटतात, दोन पानांचं पत्र तीन पानांचं होतं. मग फोन येतो, "नवा कॉम्प्युटर खराब हाये." मूळ प्रतिमेत, म्हणजे सगळ्या यंत्रांवर उतरवायच्या विंडोजच्या तयार प्रतीत, हा संच आधीच घालून ठेवल्यावर ते फोन थांबले.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलण्याची मोहीम घ्यायची का, यावर बराच वाद झाला. मोफत परिवर्तकं आहेत, पण जोडाक्षरं, रफार आणि आकडे यांत ती चुकतात, आणि सेवापुस्तकातला एक आकडा चुकला तर निवृत्तिवेतन अडकतं. ठरलं असं: सरसकट बदल नाही. मूळ फाइल जशीच्या तशी, शेजारी तिची पीडीएफ, आणि जी फाइल पुन्हा वापरायला काढली जाईल तीच त्या वेळी बदलायची आणि वाचून तपासायची.

प्रयोगशाळांबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे निर्णय सोपा होता: हात लावायचा नाही. रसायनशास्त्रातलं एक वर्णपटमापी विंडोज एक्सपीवर चालतं. यंत्राची किंमत अनेक लाखांत, त्याच्या संगणकाची काही हजारांत, आणि उत्पादकानं त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर पुढे नेलेलं नाही. प्रयोगशाळा परिचर म्हणाले, "हात नोका लावू सर ह्याले. जवरिक चालून रायलं तवरिक चालू द्या." तांत्रिक सल्ला म्हणून हे वाक्य अचूक आहे, फक्त त्याला एक जोड हवी होती: ते यंत्र नेटवर्कवर नको. त्याची वायर काढली, वायफाय बंद केलं, माहिती काढायला एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवला जो आधी एका ठरलेल्या यंत्रावर तपासला जातो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं जगभर जी यंत्रं लॉक केली त्यांत दुरुस्ती न टाकलेल्या विंडोज ७ चा भरणा होता, आणि ती दुरुस्ती मार्च २०१७ पासून उपलब्ध होती. अपडेट न मिळणारं यंत्र नेटवर्कवर ठेवणं म्हणजे काय, हे कुलसचिवांना समजवायला तेवढं उदाहरण पुरलं.

संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र एक गंमत झाली. काही महाविद्यालयांत प्रात्यक्षिक अजून टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या साधनावर चालतं. तेही १६ बिटचं, त्यामुळे ६४ बिटच्या विंडोजवर डॉसबॉक्सशिवाय उघडत नाही. अपग्रेडमुळे अभ्यासक्रम बुडेल अशी तक्रार आली. मी म्हणेन, बुडायलाच हवा होता. त्याच भाषेसाठी जीसीसी हे आजचं साधन आहे, मोफत आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत टर्बो सी चा निळा पडदा कोणी विचारत नाही.

एवढं झाल्यावर यंत्रांचे गट पडले. आठव्या पिढीपासून पुढची यंत्रं विंडोज ११ वर. फार जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची आणि त्याआधीची, निर्लेखनाला. खरा प्रश्न मधल्यांचा: चौथी ते सातवी पिढी. ही यंत्रं चांगली चालतात. फिरणारी हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी टाकली आणि रॅम ८ जीबी केली की कार्यालयीन कामाला नव्या यंत्राइतकीच वाटतात.

गावातल्या एका विक्रेत्यानं त्यावर उपाय सुचवला: "बायपास करून देतो ना सर, सगळे करतात." टीपीएम आणि प्रोसेसरची तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येतं हे खरं. पण अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, वार्षिक मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, आणि २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर काही प्रोसेसर-सूचना नसलेली कोअर टू ड्युओच्या काळातली यंत्रं सुरूच होत नाहीत. घरच्या एका लॅपटॉपवर हा खेळ ठीक. शेकडो यंत्रांवर केला तर पुढच्या वर्षी तोच प्रश्न, फक्त बिनकागदाचा.

त्याऐवजी दोन मार्ग घेतले. एक, वाढीव सुरक्षा अपडेट, ज्याला ईएसयू म्हणतात. व्यावसायिक संस्थांना हे महाग पडतं: पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि दर वर्षी दुप्पट. शैक्षणिक संस्थांना मात्र पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर. म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत यंत्रामागे एकूण सात डॉलर. हा आकडा वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी दोनदा विचारून घेतला. अटी आहेत: विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी, खरेदी शैक्षणिक परवाना करारातून व्हायला हवी, आणि मिळतात ती फक्त सुरक्षा अपडेट. एक वर्ष चुकवून पुढच्या वर्षी घ्यायचं म्हटलं तर मागच्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. एवढं स्वस्त असताना घाबरून सगळी यंत्रं एकाच वर्षात बदलण्यात अर्थ नव्हता. खरेदी तीन अर्थसंकल्पांत विभागली.

दुसरा मार्ग लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली. विद्यापीठाचं बरंच काम आता ब्राउझरमध्ये चालतं: विद्यापीठाच्या प्रशासनाची समर्थ प्रणाली, वेतनाचं सेवार्थ, शैक्षणिक श्रेयांक बँक. ज्या खुर्चीचं सगळं काम ब्राउझर आणि लिब्रेऑफिसमध्ये आहे तिथे उबंटू २४.०४ हे लिनक्स बसवलं, त्याला २०२९ पर्यंत नेहमीचा आधार आहे. ग्रंथालयातले शोधपडदे, वाचनकक्ष, विद्यार्थी सुविधा खिडकी इथे ते पहिल्या दिवसापासून सुरळीत चाललं. लेखा विभागात नाही. तिथे टॅली आहे, ती विंडोजचीच. टीडीएसचं विवरण भरायची जावावर चालणारी उपयुक्तता आहे. ई-निविदेसाठी डिजिटल सहीचं टोकन आहे आणि त्याचा ड्रायव्हर. केरळमधल्या शाळा लिनक्सवर चालतात हे उदाहरण बैठकीत वारंवार येतं. तिथे त्यामागे वर्षानुवर्षं चालणारी प्रशिक्षणाची यंत्रणा आहे हे सांगायचं मात्र राहून जातं.

याच वेळी ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही आधार त्याच १४ ऑक्टोबरला संपत होता, हे समितीला उशिरा लक्षात आलं. सुदैवानं शैक्षणिक करारात ते धरता आलं.

परवान्याचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. काही वर्षांपूर्वी पैसे वाचवायला 'डॉससह' संगणक घेतले गेले होते, म्हणजे विंडोजचा परवाना न घेता. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे विद्यापीठाच्या सामूहिक परवान्यात ते बसतात. बसत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा सामूहिक परवाना विंडोजसाठी फक्त अपग्रेडचा असतो. खाली मूळ परवाना लागतो. त्यामुळे जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या नव्या बोलीत आम्ही पहिली अट लिहिली ती मूळ विंडोज ११ प्रो परवान्याची. किंमत वाढली म्हणून खरेदी समितीत कुरकुर झाली, पण लेखापरीक्षणाचा विषय निघाल्यावर थांबली.

बोलीतली दुसरी अट वीज पाहून लिहिली. टॉवर डब्याऐवजी लहान आकाराची, लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालणारी यंत्रं मागितली. वीज कमी खातात, म्हणून त्याच यूपीएसवर बराच जास्त वेळ टिकतात. यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या २५ अंशांचं तापमान धरून बनवलेल्या असतात; पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे काढल्यावर त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. उपकेंद्रांना सरळ लॅपटॉप दिले. 'जागेवर सेवा' अशी हमी सगळेच देतात, पण तंत्रज्ञ येणार नागपूर किंवा अमरावतीहून. म्हणून प्रत्येक खेपेतली काही यंत्रं वाटायचीच नाहीत, राखीव ठेवायची, असं ठरलं.

वेळापत्रक शेवटी विद्यापीठाच्या कामावरून आखलं, मुदतीवरून नाही. ग्रंथालय आणि विभागांची कार्यालयं उन्हाळी सुट्टीत. प्रवेशाची खिडकी जून-जुलैत अजिबात नाही. लेखा विभाग मार्च-एप्रिलमध्ये नाही, तिमाही विवरणाच्या आठवड्यात नाही. परीक्षा विभागाला १४ ऑक्टोबरपूर्वी ईएसयू लावून तसंच ठेवलं आणि प्रत्यक्ष बदल हिवाळी निकाल लागल्यावर केला. मुदत पाळण्यासाठी परीक्षेच्या तोंडावर बदल करा असा दबाव वरून आला होता. संचालक मॅडमनी एका वाक्यात तो परतवला: "निकाल उशिरा लागला तर उत्तर मला द्यायचं आहे, मायक्रोसॉफ्टला नाही."

विंडोज ११ ची फाइल पाच जीबीहून मोठी आहे. ती प्रत्येक यंत्रानं आपापली उतरवायची म्हटलं असतं तर परिसरातलं इंटरनेट आठवडाभर बंद पडलं असतं. तयार प्रतिमा बाह्य एसएसडीवर घेऊन मुलं खोलीखोलीत फिरली, आणि नंतरच्या अपडेटसाठी एकाच नेटवर्कवरच्या यंत्रांनी ती एकमेकांना द्यावीत अशी मांडणी केली.

एक धोका इथे स्पष्ट लिहायला हवा. २४एच२ नव्यानं बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत गेलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जाते. कर्मचाऱ्यानं स्वतःचं खासगी खातं वापरलं आणि त्याची बदली झाली, तर किल्ली त्याच्याबरोबर जाते. बायोसचा सेल मेला की यंत्र तीच किल्ली मागतं. म्हणून खासगी खात्यांना बंदी, आणि किल्ल्या संगणक केंद्राकडे.

जुन्या यंत्रांचं काय? पूर्वी निर्लेखन म्हणजे समितीची सही आणि भंगारवाल्याचा ट्रक. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनंतर, मोठ्या ग्राहक संस्थेला ते नोंदणीकृत उत्पादकाकडे, पुनर्चक्रकाकडे किंवा नूतनीकरण करणाऱ्याकडेच द्यावं लागतं. जवळच्या गावांतल्या शाळांनी यंत्रं मागितली होती. मधल्या गटातली, एसएसडी टाकून लिनक्स घातलेली काही यंत्रं त्यांना देणं योग्य. दुसऱ्या पिढीचा मृत डबा दान म्हणून देणं हे आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकणं आहे, आणि तसं समितीला लेखी कळवलं. कुठल्याही मार्गानं गेली तरी डिस्क आधी बाहेर. परीक्षा आणि आस्थापनेच्या डिस्कांना भोक पाडून त्यांचे अनुक्रमांक रजिस्टरमध्ये लिहिले. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक त्यांत होते, आणि वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा झालेला आहे.

आज चित्र असं आहे: विंडोज ११ वरचा गट पूर्ण, लिनक्सचा गट ठरवल्यापेक्षा थोडा लहान, कारण दोन विभागांनी परत विंडोज मागितलं आणि त्यांच्याकडे कारण होतं. खरेदीच्या दोन खेपा बाकी आहेत. दुसऱ्या वर्षाच्या ईएसयूची तरतूद अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली टाकायची सूचना दिली आहे, नाहीतर ती 'किरकोळ'मध्ये जाते आणि कापली जाते. आणि सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात. नवी प्रमाणपत्रं अपडेटमधून येतात, काही यंत्रांना उत्पादकाचं नवं फर्मवेअरही लागतं. त्यासाठी तक्त्यात आणखी एक रकाना घातला आहे आणि विद्यार्थ्यांची दुसरी तुकडी पेन ड्राइव्ह घेऊन पुन्हा विभागांत निघाली आहे.